शंभर किलोमीटर खोल खडकात पाणी आलं कुठून?

तीन मिलिमीटर व्यासाचा गार्नेटचा एक दाणा समोर आहे असं समजा. मराठीत याला तामडी म्हणतात. दाणा एक्लोजाइटमधला, म्हणजे हिरव्या ऑम्फॅसाइटमध्ये लालसर गार्नेट रुतलेल्या, हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड लागणाऱ्या खडकातला. हा खडक मुळात समुद्रतळावरचा बेसॉल्ट. भूपट्टासोबत तो दुसऱ्या भूपट्टाखाली सरकला, ७०-८० किलोमीटर खोल पोचला आणि पर्वत उभे राहताना पुन्हा वर आला. दाण्याच्या मध्यावर ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले तर आकडा ८.५ येतो, कडेला ६.५. फरक फक्त दोनचा.

दाणा वाढत असताना मध्येच बाहेरून पाणी शिरलं का? शिरलं असेल तर किती? आणि ते गाळातलं, बेसॉल्टमधलं, की त्याखालच्या प्रावरणातलं? समस्थानिक म्हणजे बोटांचे ठसे, असं याबाबत नेहमी लिहिलं जातं. ती उपमा फसवी आहे. ठसा एकाच माणसाचा असतो, ६.५ हा आकडा मात्र तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी मिळू शकतो, आणि त्यातली एक वाट म्हणजे मोजणाऱ्याची चूक. दाणा उदाहरणादाखल घेतला आहे, पण शेवटपर्यंत तोच हाताशी धरू.

खडक खाली काय घेऊन जातो

खाली जाणाऱ्या भूपट्टाचे ढोबळमानाने तीन थर असतात. वर गाळ: चिकणमाती, चुनखडी, वाळू. त्याखाली सागरी कवच: वरच्या भागात बेसॉल्ट, खालच्या भागात गॅब्रो, आणि समुद्राचं पाणी भेगांतून फिरल्यामुळे बदललेलं. त्याच्याही खाली प्रावरण, आणि त्यात जिथे भेगांतून पाणी पोचलं तिथे ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालेलं.

पाणी भेगांमध्ये साठून खाली जातं, असा समज असतो. थोडं जातंही, पण ते पहिल्या काही किलोमीटरमध्येच पिळून बाहेर पडतं. खोलवर जाणारं पाणी खनिजांच्या रचनेत हायड्रॉक्सिल गटाच्या रूपात अडकलेलं असतं. सर्पेंटाइनमध्ये ते वजनाच्या १२-१३ टक्के, लॉसोनाइटमध्ये सुमारे ११ टक्के, फेंजाइट या अभ्रकात साडेचार टक्क्यांच्या आसपास, अँफिबोलमध्ये दोन टक्के. दाब आणि तापमान वाढलं की ही खनिजं एकेक करून मोडतात. खोलवर टिकणारा सर्पेंटाइनचा प्रकार, अँटिगोराइट, साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला मोडून पुन्हा ऑलिव्हिन तयार होतं आणि पाणी सुटतं. कोणतं खनिज कुठल्या खोलीवर मोडेल हे त्या पट्ट्यातला भूपट्ट किती थंड आहे यावर ठरतं. थंड, जुना भूपट्ट पाणी जास्त खोल नेतो.

सुटलेलं पाणी आपल्या ओळखीचं नसतं. २-३ गिगापास्कल दाबाखाली (३ गिगापास्कल म्हणजे सुमारे १०० किलोमीटर खोली) ते द्रवही नसतं आणि वायूही नसतं. भौतिकीत अशा वाहणाऱ्या पदार्थाला द्रायू म्हणतात, तोच शब्द इथे बरा. त्यात सिलिका, क्षार, बोरॉन, स्ट्रॉन्शियम विरघळलेलं असतं. हा द्रायू वरच्या प्रावरणात चढला की तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. पण वर चढण्याआधी तो वाटेतल्या खडकांतून जातो, आणि आपला दाणा अशाच एखाद्या वाटेवर होता की नव्हता, हे ठरवायचं आहे.

डेल्टाचा आकडा

ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक आहेत. वस्तुमान १६ असलेला ९९.७६ टक्के, १८ असलेला सुमारे ०.२ टक्के, आणि १७ असलेला अगदीच थोडा. खडकाखडकांत १८ आणि १६ यांचं गुणोत्तर किंचित बदलतं, म्हणून ते सागरी पाण्याच्या ठरावीक मानकाशी ताडून दर हजारी फरकात लिहितात. चिन्ह ‰, नाव डेल्टा. समुद्राचं पाणी ० ‰ धरलं, तर ८.५ ‰ म्हणजे त्या गार्नेटमध्ये ऑक्सिजन-१८ चं प्रमाण हजारी साडेआठने जास्त. ढोबळ भाषेत ‘जड’ आणि ‘हलका’ असं म्हणतात.

प्रावरणाचा आकडा ५.५ च्या आसपास, आणि तो जगभर फारसा हलत नाही. कमी तापमानाला समुद्राच्या पाण्याने बदललेला वरचा बेसॉल्ट जड होतो, ७ ते १५ पर्यंत जातो. तेच पाणी तीनशे-चारशे अंशांना खालच्या गॅब्रोतून फिरलं तर उलट होतं: गॅब्रो हलका होतो, २ ते ५. सागरी चिकणमाती १५ ते २५, चुनखडी २५ ते ३० च्या पुढे. म्हणजे एकाच समुद्राच्या पाण्याने एकाच कवचाच्या वरच्या आणि खालच्या भागाला विरुद्ध दिशांना ढकललेलं असतं. हे लक्षात राहिलं नाही तर पुढचं सगळं वाचन चुकतं.

अख्ख्या खडकापेक्षा दाणा का

खडक दळून एकच आकडा काढणं सोपं, पण त्यात खाली जातानाचा, तळाला असतानाचा आणि वर येतानाचा इतिहास एकत्र कालवला जातो. गार्नेट झाडाच्या खोडासारखं कड्याकड्यांनी वाढतं. आतल्या कड्यात मँगनीज जास्त, बाहेर जाताना ते घटत जातं आणि मॅग्नेशियम वाढतं. शिवाय ७०० अंशांखाली ऑक्सिजन गार्नेटमध्ये इतका सावकाश सरकतो, की काही मायक्रॉन रुंदीची सीमाही लाखो वर्षं पुसली जात नाही. शेजारचं ऑम्फॅसाइट किंवा अभ्रक पुन्हा स्फटिकून आपला इतिहास विसरतं. गार्नेट सहसा विसरत नाही. झिरकॉनही असाच हट्टी आहे, आणि त्याचं युरेनियम-शिसं वयही काढता येतं. पण त्याची उच्चदाबातली वाढ अनेकदा दहा-वीस मायक्रॉनच्या पापुद्र्याएवढीच असते.

एक काळजी मात्र गार्नेटच्या बाबतीतही घ्यावी लागते. खनिज बदललं की आकडा बदलतो, द्रायू तोच असला तरी. ६०० अंशांना समतोलात असलेल्या क्वार्ट्झचा डेल्टा शेजारच्या गार्नेटपेक्षा साडेतीन ते चारने जास्त असतो. ४५० अंशांना हा फरक पाचच्या पुढे जातो. शिरेतलं (म्हणजे पाण्याने खडकाच्या भेगेत साठवलेलं) क्वार्ट्झ १२ आणि खडकातलं गार्नेट ८.५ म्हणून शिरेतलं पाणी परकं, असा निष्कर्ष काढणाऱ्याने स्वतःलाच फसवलेलं असतं. तुलना नेहमी गार्नेटची गार्नेटशी, नाहीतर दोन्हीकडून समतोलातल्या द्रायूचा आकडा काढून.

मोजमाप, आणि ते कुठे बिघडतं

काम खडक उघडा पडला आहे तिथे सुरू होतं. शीर दिसली की तिच्याशी काटकोनात नमुने घ्यायचे: शीर, तिच्या लगतचा बदललेला पट्टा, आणि शीर नसलेला मूळ खडक, प्रत्येकाचं शिरेपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून. मूळ खडकाचा नमुना घेतला नाही तर ‘बदललं’ असं म्हणायला आधारच उरत नाही, आणि हा नमुना राहून जाण्याचं प्रमाण आश्चर्य वाटावं इतकं मोठं आहे, कारण डोळा सुंदर शिरेकडे जातो.

प्रयोगशाळेत ३० मायक्रॉन जाडीचा पातळ छेद, मग इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर गार्नेटचे मँगनीज, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचे नकाशे. या नकाशाशिवाय समस्थानिक मोजायला बसू नये. छेद दाण्याच्या बरोबर मधून गेलेला असतोच असं नाही. कडेकडून कापला गेला तर छेदात दिसणारा ‘मध्य’ हा खरं तर तिसरं किंवा चौथं कडं असतो. छेदातले सगळ्यांत मोठे आणि ज्यांच्या मध्यात मँगनीज सगळ्यांत जास्त आहे असे दाणे निवडायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

निवडलेले दाणे २५ मिलिमीटरच्या इपॉक्सीच्या चकतीत, मधोमध, मानक गार्नेटच्या तुकड्यांसह बसवतात. पॉलिश अशी हवी, की दाणा आणि इपॉक्सी यांच्यातला उंचसखलपणा दोन-तीन मायक्रॉनपेक्षा जास्त नसावा. त्यावर सोन्याचा काही दहा नॅनोमीटर जाडीचा थर, विद्युतभार वाहून जावा म्हणून. मग आयन मायक्रोप्रोबमध्ये सीझियमच्या आयनांची शलाका १० ते १५ मायक्रॉनच्या ठिपक्यावर मारतात. खड्डा एक-दोन मायक्रॉन खोल पडतो आणि उडालेले ऑक्सिजनचे आयन मोजले जातात. अचूकता ०.२ ते ०.३ ‰. दर दहा-पंधरा ठिपक्यांनंतर मानकावर चार ठिपके, कारण यंत्र दिवसभरात सरकत राहतं. गार्नेटसाठी बहुतेक जण यूडब्ल्यूजी-२ हे मानक वापरतात. त्याचा आकडा ५.८० ‰.

इथे सर्वांत धोकादायक चूक दडलेली असते. यंत्राचा कल गार्नेटच्या रसायनानुसार बदलतो, विशेषतः त्यातल्या कॅल्शियमनुसार, आणि हा कल काही ‰ पर्यंत जातो. दाण्याच्या मध्यात कॅल्शियम जास्त आणि कडेला कमी असेल, आणि दुरुस्तीला एकच मानक वापरलं असेल, तर समस्थानिकांत काहीही बदल नसताना कागदावर सुंदर ‘कडी’ दिसू लागतात. उपाय ठरलेला आहे: कॅल्शियमचं प्रमाण वेगवेगळं असलेली तीन-चार मानकं मोजून वक्र काढायचा, आणि प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी मायक्रोप्रोबने रसायन मोजून त्या वक्रावरून दुरुस्ती करायची.

दुसरी चूक समावेशांची. गार्नेटच्या पोटात क्वार्ट्झचे बारीक कण असतात. ठिपक्याचा पाचवा हिस्सा अशा कणावर पडला, आणि क्वार्ट्झ गार्नेटपेक्षा चारने जड असेल, तर आकडा ०.८ ने वर सरकतो. एवढ्या फरकावर लोक प्रबंध लिहितात. म्हणून मोजणीनंतर प्रत्येक खड्डा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. भेगेवर, कणावर, दाण्याच्या काठावर पडलेला ठिपका कितीही सोयीचा आकडा देत असला तरी काढून टाकायचा.

पडताळणीसाठी लेझर फ्लोरिनेशनही करतात: एक-दोन मिलिग्रॅम वेचलेलं गार्नेट ब्रोमीन पेंटाफ्लुराइडच्या वातावरणात लेझरने तापवून सगळा ऑक्सिजन सोडवायचा. आकडा जास्त नेमका, पण कडी सगळी एकत्र. दोन्ही पद्धतींची सरासरी जुळली की जीव भांड्यात पडतो.

दोनचा हिशेब

मोजमाप चोख निघालं, मध्य ८.५ आणि कड ६.५ खरीच आहे असं धरू. आता पहिला संशयित खडक स्वतः. खाली जाताना त्याच्यातलं पाणी बाहेर पडतं. त्याने आकडा बदलेल का?

बेसॉल्टी खडकातून वजनाच्या ३ टक्के पाणी गेलं असं समजू. पाण्याचा ८९ टक्के भाग ऑक्सिजन, म्हणजे १०० किलो खडकातून २.७ किलो ऑक्सिजन गेला. खडकात एकूण ऑक्सिजन ४५-४६ किलो. गेलेला वाटा सहा टक्के. हे पाणी खडकापेक्षा २ ‰ ने जड असलं, तरी मागे उरलेला खडक ०.१२ ने हलका होतो. तापमान वाढल्यामुळे गार्नेट आणि बाकी खनिजांतली वाटणी बदलते, त्याने आणखी अर्धा-पाऊण. सगळं मिळून बंद खडकात गार्नेटच्या मध्यापासून कडेपर्यंत १ ‰ पेक्षा जास्त बदल होणं कठीण. दोनचा बदल झाला, म्हणजे दार उघडं होतं.

आता किती पाणी आलं ते काढू. गार्नेट ८.५ असताना अख्खा खडक १० होता, आणि कड वाढताना खडक ८ वर आला असं धरा. आत आलेला द्रायू ५ चा. समतोलात द्रायू खडकापेक्षा १ ने जड राहतो असं मानलं, तर बाहेर पडताना तो ९ चा झाला. खडकाने गमावले २, द्रायूने कमावले ४. म्हणजे खडकातल्या ऑक्सिजनच्या निम्मा ऑक्सिजन द्रायूतून यायला हवा: २३ किलो. पाण्यात मोजलं तर १०० किलो खडकामागे २६ किलो पाणी. द्रायू एकदम न येता झिरपत झिरपत येऊन निघून जात राहिला असं धरलं तर हिशेब थोडा खाली येतो, साधारण २१ किलो. दोन्ही आकडे खडकाच्या स्वतःच्या ३ किलोंच्या सात ते नऊपट आहेत. हा खडक बाहेरच्या पाण्याच्या वाटेवर होता, यात फारशी शंका उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ऑक्सिजन खडकात निम्म्याने भरलेला, त्यामुळे तो सहजासहजी हलत नाही. गार्नेटमध्ये काहीच बदल दिसला नाही तर ‘पाणी आलं नाही’ असं म्हणता येत नाही. दोन-चार किलो आलं असतं तर ऑक्सिजनला त्याचा पत्ताच लागला नसता. आणि आलेल्या पाण्याचा आकडा खडकाच्या समतोलात बसणारा असेल, तर शंभर किलो येऊन गेलं तरी खूण राहत नाही.

पाच कुणाचे?

हिशेबात द्रायूचे ५ ‰ आपण गृहीत धरले. असा द्रायू सर्पेंटिनाइट (सर्पेंटाइनचा खडक) मोडूनही येतो आणि उच्च तापमानाला बदललेल्या गॅब्रोमधूनही. ऑक्सिजन इथे थांबतो. पुढचा साक्षीदार बोरॉन.

बोरॉनचे दोन समस्थानिक, १० आणि ११, साधारण एकास चार या प्रमाणात. समुद्राच्या पाण्यात ११ चा डेल्टा जवळपास +४० ‰, प्रावरणात -७ च्या आसपास. समुद्रतळावर तयार झालेला सर्पेंटिनाइट बहुधा +५ पासून थेट +४० पर्यंत, आणि त्यात बोरॉन दशलक्षात काही दहा भाग. मूळ प्रावरणात तो दशलक्षात ०.१ भागही नसतो. बदललेलं सागरी कवच सरासरीने शून्याच्या थोडं वर, गॅब्रोमध्ये बोरॉनच तुटपुंजा. म्हणजे जड आणि भरपूर बोरॉन दिसला तर बोट सर्पेंटिनाइटकडे वळतं. बोरॉन द्रायूसोबत आनंदाने जातो, त्यामुळे ऑक्सिजनला जाणवणार नाही इतकं थोडं पाणीही बोरॉनमध्ये खूण सोडतं.

पण गार्नेटमध्ये बोरॉन जवळपास नसतोच. तो शोधायचा कडेच्या काळात वाढलेल्या फेंजाइटमध्ये किंवा टूर्मलीनमध्ये, म्हणजे तोरमल्लीत. फेंजाइटच्या जाळीत बोरॉनचा अणू चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसतो, द्रायूत मुख्यतः तीन. चारच्या घरात हलका बोरॉन-१० पसंत केला जातो, म्हणून ५०० अंशांच्या आसपास अभ्रक द्रायूपेक्षा १० ‰ च्या घरात हलकं असतं. गार्नेटच्या मध्यात अडकलेलं फेंजाइट -१४ आणि कडेलगतचं -२ असेल, तर द्रायू अनुक्रमे -४ आणि +८ होता. -४ हे खडकाच्या स्वतःच्या, बरंच पाणी गमावून हलक्या झालेल्या बोरॉनशी जुळतं. खोल जाताना जड बोरॉन आधी निघून जातो, त्यामुळे भूपट्ट एकटाच असेल तर आकडा खालीच जायला हवा. तो वर गेला आहे. तोरमल्लीत मात्र बोरॉन द्रायूसारखाच तीन ऑक्सिजनांच्या शेजारात राहतो, त्यामुळे तिचा आकडा द्रायूच्या दोन-तीन ‰ मध्येच असतो आणि वाचायला सोपा जातो. शिवाय तिच्यात वजनाच्या तीन टक्के बोरॉन असतो, मोजायची ददात नाही.

फेंजाइटच्या बाबतीत ती आहे. दशलक्षात पन्नास भाग बोरॉन मोजताना प्रयोगशाळेची हवाच शत्रू ठरते, कारण स्वच्छ खोलीतले नेहमीचे हवा गाळणारे फिल्टर बोरोसिलिकेट काचेच्या तंतूंचे असतात. बोरॉनमुक्त फिल्टर लागतात, काचेची भांडी बाद, आणि आम्ल द्रावण वाफवताना बोरॉन उडून जाऊ नये म्हणून त्यात मॅनिटॉल घालावं लागतं. पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर चिकटलेला बोरॉन काढण्यासाठी मोजणीआधी तोच ठिपका शलाकेने काही मिनिटं खरवडून घेतात.

तिसरा साक्षीदार स्ट्रॉन्शियम, आणि त्याचा स्वभाव वेगळा. रुबिडियम-८७ च्या क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ बनतो. अर्धायुष्य सुमारे ५० अब्ज वर्षं. म्हणून ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर जुन्या खंडीय कवचात चढं, ०.७२ किंवा जास्त, प्रावरणात ०.७०३ च्या आसपास आणि आजच्या समुद्रात ०.७०९२. एपिडोट, लॉसोनाइट आणि अ‍ॅपेटाइटमध्ये स्ट्रॉन्शियम भरपूर आणि रुबिडियम नगण्य, त्यामुळे स्फटिक बनला त्या क्षणाचं गुणोत्तर गोठून राहतं. फेंजाइटचं तसं नाही. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर २० असलेलं फेंजाइट ४.५ कोटी वर्षांत ०.०१२६ ने वर चढतं. सुरुवात ०.७०८० असेल तर आज ०.७२०६ मोजलं जाईल, आणि बेसावध वाचक गाळातलं खंडीय पाणी आलं असं लिहून मोकळा होईल.

समुद्राचा आकडाही काळानुसार बदलतो. आल्प्समध्ये आज दिसणाऱ्या सागरी कवचाचा जन्म सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा समुद्राचं गुणोत्तर ०.७०६८ च्या जवळ, गेल्या ५० कोटी वर्षांतल्या नीचांकाला होतं. तिथल्या एपिडोटची तुलना आजच्या ०.७०९२ शी करणं म्हणजे चुकीच्या समुद्रावर आळ घेणं.

लेझरने मोजताना स्ट्रॉन्शियमला बहुरूपी बरेच भेटतात. ८७ वस्तुमानावर रुबिडियम-८७, ८६ वर आर्गॉन वायूतल्या अशुद्धीचा क्रिप्टॉन-८६, आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे दुहेरी भाराचे आयन. एपिडोटचा गाभा अ‍ॅलानाइटचा, म्हणजे याच मूलद्रव्यांनी भरलेल्या खनिजाचा, असेल तर हा शेवटचा त्रास इतका वाढतो, की तिथला आकडा वापरू नये. त्यापेक्षा सूक्ष्म ड्रिलने भुकटी काढून, स्ट्रॉन्शियम स्तंभातून वेगळं करून, तापलेल्या तंतूवर मोजलेलं बरं. वेळ जास्त लागतो, पण पाचव्या दशांशापर्यंत भरवसा ठेवता येतो.

लिथियमबद्दल एक इशारा. लिथियम-६ हा लिथियम-७ पेक्षा किंचित वेगाने सरकतो, आणि तेवढ्यानेच शिरेलगतच्या आकड्यांत मोठी दरी तयार होते. ती उगमाची खूण नसते, वेळेची असते. चीनच्या हद्दीतल्या तिएनशान पर्वतात सुमारे ७० किलोमीटर खोलीवर बनलेल्या एका शिरेलगतच्या पट्ट्यात ही दरी मोजून, द्रायू वाहण्याचा काळ जेमतेम २०० वर्षांचा निघाला. लाखो वर्षं हळूहळू पाझर, असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते निदान तिथे तरी खरं नव्हतं.

मॅग्नेशियम क्वचितच कामाला येतं, कारण खडकात ते आधीच भरपूर असतं. जिथे आलं तिथे जोरदार आलं. पश्चिम आल्प्समधल्या डोरा-माइरा इथे एके काळचा ग्रॅनाइट मॅग्नेशियमने इतका भरला, की त्यात वीस सेंटिमीटरपर्यंतचे फिकट गुलाबी पायरोप गार्नेट वाढले. याच खडकात क्रिस्तियाँ शोपाँ यांनी १९८४ मध्ये कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखाली बनणारं क्वार्ट्झचं रूप, ओळखलं, आणि खंडीय कवचही १०० किलोमीटरच्या आसपास जाऊन परत येतं हे मान्य करावं लागलं. तिथलं मॅग्नेशियम बऱ्याच नमुन्यांत प्रावरणाच्या -०.२५ ‰ पेक्षा जड आहे. कार्बोनेटं त्याच्या उलट, ठळकपणे हलकी असतात. म्हणून मॅग्नेशियम आणणारं पाणी सर्पेंटिनाइटसारख्या खडकातून आलं, या मताला बळ मिळालं.

केव्हा?

आपल्या दाण्याची कड बाहेरच्या पाण्यात वाढली, ते पाणी बहुधा सर्पेंटिनाइटचं. पण ते खाली जाताना भेटलं की वर येताना? त्याचं उत्तर समस्थानिक देत नाहीत, कडेत अडकलेली खनिजं देतात. कडेत ऑम्फॅसाइट, रुटाइल किंवा कोएसाइट असेल तर ती खोलवर वाढली. क्लोराइट आणि अल्बाइट दिसू लागलं तर प्रवास परतीचा, आणि पाणी कदाचित जेमतेम वीस किलोमीटरवरचं. कड आणि मध्य यांच्यामध्ये जुना दाणा झिजल्याची वेडीवाकडी सीमा असेल तर तीही नोंदवायची. पाणी शिरलं की गार्नेट आधी विरघळतं, मग नव्याने वाढतं.

आणि कधी कधी पाणी या सगळ्या प्रवासाच्या आधीचंच निघतं. पूर्व चीनमधल्या सुलू पट्ट्यात, चिंगलुंगशान इथल्या एक्लोजाइटच्या गार्नेटचा ऑक्सिजन डेल्टा शून्याखाली सुमारे १० ‰ आहे. प्रावरण, गाळ, सागरी कवच, समुद्र, यांपैकी कुणाकडेच इतका हलका ऑक्सिजन नाही. तो फक्त थंड प्रदेशातल्या पावसात आणि बर्फात सापडतो. पाऊस १०० किलोमीटर खोल पोचत नाही. उत्तर झिरकॉनमध्ये मिळालं: या खडकांच्या शेजारच्या, मुळात आग्नेय असलेल्या खडकांतले झिरकॉनही असेच विलक्षण हलके आहेत, आणि त्या मूळ खडकांचं वय सुमारे ७५ कोटी वर्षं. म्हणजे मॅग्मा थंड होत असताना हिमयुगाच्या काळातलं वितळपाणी जमिनीजवळच्या भेगांतून फिरलं आणि खडकाचा ऑक्सिजन बदलून गेलं. हा खडक त्यानंतर पन्नास कोटी वर्षांनी खाली गेला, कोएसाइट बनण्याइतका खोल, आणि वर आला, तोवर शेजाऱ्यांशी त्याची इतकी कमी देवाणघेवाण झाली, की त्या बर्फाची खूण अजून गार्नेटमध्ये मोजता येते.